फोन कुणी करायचा? एक रात्र, एक इंटर्न आणि दोन बुबुळं

वॉर्डात मृत्यू झाला की केसपेपरवरच्या शेवटच्या चार ओळी ठरलेल्या असतात. नाडी लागत नाही. बीपी रेकॉर्ड होत नाही. बाहुल्या विस्फारलेल्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही. ईसीजी सरळ रेषा. म्हणजे मृत्यू जाहीर करण्याआधी प्रत्येक डॉक्टर टॉर्च घेऊन त्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत बघतोच. त्या रात्री आमच्या इंटर्ननंही बघितलं, नीट लिहिलं आणि खाली वेळ घातली, १.५०. बुबुळं अगदी स्वच्छ होती, हे तिला तेव्हाच दिसलं होतं. तसं तिनं मला नंतर सांगितलं.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात नेत्ररोग शिकवते आणि तिथल्या नेत्रपेढीचं काम बघते. हे प्रकरण लिहिताना माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळा मात्र केसपेपरवरून आणि आमच्या रजिस्टरवरून घेतल्या आहेत, कारण या प्रकरणात वेळेलाच सगळं महत्त्व आहे.

रात्र

रुग्ण एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय ६४. पंधरा-सोळा वर्षांचा मधुमेह, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हृदय थकलेलं. घरचे त्यांना आण्णा म्हणत. मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात तीन दिवस होते. त्या रात्री थोरला मुलगा आणि जावई सोबतीला होते. आईला आणि बहिणीला संध्याकाळीच गावी पाठवलं होतं.

मृत्यू जाहीर झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मुलगा ड्यूटीच्या टेबलापाशी आला. रडणं थांबलं नव्हतं, पण मधेच काहीतरी आठवल्यासारखा आला.

"मॅडम, आण्णा म्हणलेले, मेल्यावर डोळं द्यायचं. आता काय करायचं?"

इंटर्न म्हणाली, "शुगर होती ना त्यांना... आणि एका डोळ्याचं ऑपरेशनही झालंय. थांबा, मी विचारून सांगते."

ती रेसिडेंटला, म्हणजे पदव्युत्तर शिकत असलेल्या तिच्या वरच्या डॉक्टरला, विचारायला गेली. तो बाजूच्या खोलीत एका विषबाधेच्या रुग्णाशी झुंजत होता. पिकावर मारायचं औषध प्यायलेला विशी-बाविशीतला मुलगा, तोंडाला फेस, आणि रेसिडेंटच्या हातात अॅट्रोपिनच्या फोडलेल्या अँप्यूल्स. तो मान वर न करता म्हणाला, "आय बँकचं सकाळी बघू. आधी सर्टिफिकेट लिही." मी त्याला दोष देत नाही. त्या घटकेला जिवंत माणूस त्याच्या हातात होता आणि तो त्यानं वाचवलाही.

इंटर्न परत आली आणि मुलाला म्हणाली, "सकाळी आठला डोळ्यांची ओपीडी उघडते, तेव्हा या." मुलानं मान हलवली. सरकारी दवाखान्यात "सकाळी या" हे वाक्य ऐकायची माणसांना सवय असते.

इथे तिनं मनातल्या मनात एक हिशेबही केला होता. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. १.५० ला सहा मिळवले की ७.५०. आठ म्हणजे दहा मिनिटं जास्त. चालेल बहुतेक.

मग वॉर्डाच्या रीतीप्रमाणे सगळं झालं. नाकात कापूस, हनुवटीला पट्टी, पायांचे अंगठे बांधले, अंगावर पांढरी चादर. एप्रिलचा महिना, उकाडा मरणाचा, म्हणून वरचा पंखा पाचवर. डावा डोळा मिटलेला होता. उजवा अर्धवट उघडा राहिला होता, पापण्यांच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. ती कुणी मिटली नाही. पंखाही कुणी बंद केला नाही.

हे चार तास तसेच गेले.

पहाटे साडेपाचच्या सुमाराला रात्रपाळीचे वॉर्डमामा स्ट्रेचर घेऊन आले. मृतदेह शवागारात हलवायचा होता. जावई बाहेर कुणाला तरी फोनवर सांगत होता, "थांबलोय, डोळ्याचं हाय आठ वाजता." मामांनी ते ऐकलं. "आठ वाजता? फोन लावला का नाही कुणी वर?" मामा आधी बरीच वर्षं डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरला होते. त्यांच्याकडे आमच्या ऑनकॉल रेसिडेंटचा नंबर होता. त्यांनी ५.४० ला फोन केला. मग पंखा बंद केला, मृताच्या डोक्याखाली उशी घातली, सिस्टरकडून कापसाचे दोन बोळे मागून घेतले, ओले करून मिटलेल्या पापण्यांवर ठेवले. ज्या गोष्टी आम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देतो, त्या मामांनी दोन मिनिटांत उरकल्या.

आमचा रेसिडेंट आणि तंत्रज्ञ ६.१५ ला पोचले. तंत्रज्ञानं विचारलं, "घरी आई आहे ना? त्यांना सांगितलंय?" मुलानं फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आवाज आला, "त्यांनी सांगून ठेवलंय न्हवं? मग मला काय इचारता?" मुलानं संमतीपत्रावर सही केली, साक्षीदार म्हणून जावयानं आणि सिस्टरनं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसच्या तपासणीसाठी रक्त घेतलं. सात वाजता काम संपलं. मृत्यूला पाच तास दहा मिनिटं झाली होती.

कागदावर हे प्रकरण यशस्वी आहे. नियमाच्या वेळेत संमती, नियमाच्या वेळेत नेत्रदान. वार्षिक अहवालात ते तसंच गेलं.

सकाळ

बुबुळ हा शब्द आपण सैल वापरतो. नेत्रदानात घेतात ते पारपटल, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरची काचेसारखी पारदर्शक चकती. रुंदीला साधारण साडेअकरा मिलिमीटर, मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. ती हवेतून अश्रूंमार्फत प्राणवायू घेते. रक्तवाहिन्या नाहीत म्हणूनच दुसऱ्याच्या डोळ्यात बसवताना इतर अवयवांइतकी जुळवाजुळव लागत नाही. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. तो पाणी बाहेर उपसत राहतो म्हणून ती पारदर्शक राहते. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. जेवढ्या आहेत तेवढ्यावरच निभवायचं.

नेत्रपेढीत स्लिटलॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, उजवं बुबुळ बघितलं. फटीच्या जागी आडवा पट्टा कोरडा पडला होता, वरची त्वचा गेली होती, खालचा भाग धुरकट. पेशीही गेलेल्या. दृष्टीसाठी नापास. ते प्रशिक्षणासाठी ठेवलं. मिटलेल्या डाव्या डोळ्याचं बुबुळ स्वच्छ होतं, पण तो मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा. पेशींची संख्या कमी. दृष्टीसाठी लावायला आम्ही साधारणपणे चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या वर पेशी बघतो. इथे त्याहून बऱ्याच खाली होत्या. म्हणजे ज्या डोळ्याला कधी चाकू लागला नव्हता, जो खरा उपयोगाचा होता, तोच पंख्याखाली वाळला.

डावं बुबुळ वाया गेलं नाही. डोळा वाचवण्यासाठी जी तातडीची कलमं, म्हणजे बुबुळाची प्रत्यारोपणं, करावी लागतात, त्यांत अशी बुबुळं चालतात. आमच्याकडे असे रुग्ण कायम असतात. उसाचं पातं डोळ्यात जातं, कडब्याची काडी, गव्हाचं कुसळ. आठ दिवस गावातल्या दुकानातून आणलेले थेंब घालतात, त्यात स्टेरॉइड असतं, आत बुरशी माजते, बुबुळाला भोक पडायची वेळ येते तेव्हा एसटीनं दवाखान्यात येतात. त्यांना दिसण्याआधी डोळा टिकणं गरजेचं असतं. कुणाचं बुबुळ कुणाला लावलं ते आम्ही सांगत नाही, इथेही सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर सहा तासांचा हा गोंधळ कुणाला किरकोळ वाटेल. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या वरच्या लोकांत मोतीबिंदू पहिला आला, हे अपेक्षितच होतं. पण पन्नाशीच्या आत अंधत्वाचं पहिलं कारण बुबुळ निघालं. कामाच्या वयातली माणसं. आपल्याकडे ज्याला "डोळ्यात फूल पडलं" म्हणतात ते.

तिला काय माहीत होतं

आठवड्यानं मी त्या इंटर्नला केबिनमध्ये बोलावलं. ती आली ती माफी मागायच्या तयारीतच. मी चहा मागवला आणि तोंडी परीक्षेत विचारावेत तसे प्रश्न विचारले. खवचटपणा म्हणा हवं तर, पण मला खरंच बघायचं होतं.

पारपटलाचे थर? सगळे सांगितले, २०१३ साली भर पडलेला दुआचा थरही. किती तासांत घ्यायचं? सहा. कुठल्या माध्यमात ठेवतात? एमके, चार अंशाला, चार दिवस. कुणाचे डोळे चालत नाहीत? रेबीज, एचआयव्ही, हिपॅटायटिस, सेप्सिस, ल्युकेमिया. एका दमात. पहिलं यशस्वी बुबुळकलम? १९०५, एडुआर्ड झिर्म, ऑलोमोउत्स. मुलांना ही गोष्ट आवडते, कारण ज्याच्यावर ते कलम झालं तो, चुन्यानं दोन्ही डोळे गेलेला मोरावियातला (आजच्या चेक देशातला) मजूर त्यांना ओळखीचा वाटतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना चुना डोळ्यात उडालेली लहान मुलं आमच्या ओपीडीत ते स्वतः बघतात.

"या यादीत मधुमेह कुठे आहे?" मी विचारलं.

"नाहीये, मॅडम."

"मग?"

ती थोडा वेळ गप्प बसली. "यादीत नाही हे माहीत होतं. पण यादीत नाही म्हणजे चालतो, असं कधी कुणी म्हटलं नव्हतं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. आम्ही "कुणाचे चालत नाहीत" हे पाठ करून घेतो. वॉर्डात समोर येतो तो माणूस मात्र चालणाऱ्यांपैकी असतो. साखर आहे, बीपी आहे, चष्मा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वय पंचाहत्तर आहे. त्याचं काय, हे कुठल्याच उत्तरात नसतं.

मी पुढे विचारलं, "तू स्वतः संकल्पपत्र भरलंयस?"

"हो. दुसऱ्या वर्षाला पंधरवड्यात रॅली होती ना, तेव्हा." २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा. त्यात पोस्टर स्पर्धा, पथनाट्य, पांढरे टी-शर्ट आणि टेबलावर संकल्पपत्रांचा गठ्ठा असं सगळं आमच्याकडेही होतं. तिनं पर्समधून कार्ड काढून दाखवलं.

"घरी सांगितलंस?"

"नाही. बाबांना नाही आवडणार."

म्हणजे हिला ज्ञान होतं आणि वृत्तीही चांगली होती. गेल्या कित्येक वर्षांत देशातल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना नेत्रदानाबद्दल प्रश्नावल्या दिल्या आहेत. त्यांतून येणारं चित्र थोड्याफार फरकानं सारखंच असतं. नेत्रदान ऐकलेले जवळपास सगळे, बारकावे माहीत असलेले कमी, द्यायला तयार असलेले पुष्कळ, संकल्प केलेले मोजके. अशी एखादी प्रश्नावली या मुलीला दिली असती तर ती प्रत्येक रकान्यात पुढे असती. माझी या अभ्यासांबद्दलची तक्रार एवढीच आहे की रात्री दोन वाजता वॉर्डात काय होतं ते त्यांत येत नाही.

मग काय अडलं? तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं मांडते.

नंबर नव्हता. आमच्या नेत्रपेढीचा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे, ओपीडीच्या आतल्या भिंतीवर. दुपारी ओपीडी संपली की शटर ओढतात आणि नंबर आत राहतो. हा बोर्ड मीच उभा राहून लावून घेतला होता.

दुसरं, त्या मुलाशी काय बोलायचं ते सुचलं नाही. नुकताच बाप गेलेल्या माणसाला पुढचं कसं विचारायचं? खरं तर तो स्वतःच विचारत आला होता, विचारायची गरजच नव्हती. पण तिला भीती होती की काही चुकीचं बोललो आणि नातेवाईक भडकले तर. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. पण रात्री वॉर्डात एकट्या पडलेल्या इंटर्नला तो कायदा दिसत नाही, समोरची दहा माणसं दिसतात.

तिसरं कारण सांगायला तिला वेळ लागला. "मॅडम, रात्री दोनला दुसऱ्या डिपार्टमेंटच्या रेसिडेंटला इंटर्ननं फोन करायचा? ओरडले असते. आणि समजा डोळे चालले नसते तर? उगाच उठवलं म्हणून वर्षभर ऐकवलं असतं."

माझ्या मते खरं कारण हेच. मामांना ही भीती नव्हती. फार तर कुणी ओरडेल, याची त्यांना तीस वर्षांची सवय आहे. आमच्या शिड्यांवर इंटर्न कुठल्या पायरीवर उभा असतो हे बाहेरच्याला सांगूनही कळत नाही. त्याच्या हातात रक्त काढणं, कॅथेटर घालणं, रिपोर्ट आणणं असतं. निर्णयाचा फोन त्याच्या हातात नसतो. आणि नेत्रदानात तर सगळा जीव त्या एका फोनात असतो.

कायदा इथे कमी पडत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीमुळे प्रशिक्षित तंत्रज्ञ बुबुळ काढू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. त्याच दुरुस्तीनं नोंदणी असलेल्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात नातेवाइकांना दानाचा पर्याय सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य केलं. आण्णा मात्र साध्या वॉर्डात गेले, आणि बहुतेक माणसं तिथेच जातात.

"कसला सेल?"

२०१९ पासून एमबीबीएसला जो नवा अभ्यासक्रम आला त्यात नेत्ररोगाच्या यादीत एक कौशल्य आहे. बनावट प्रसंग उभा करून रुग्णाला व कुटुंबाला नेत्रदानाबद्दल समुपदेशन करता यायला हवं. कागदावर उत्तम गोष्ट. आमच्याकडे ते कसं व्हायचं? दोन मुलं पांढरा एप्रन घालून समोरासमोर बसायची, एक डॉक्टर, एक नातेवाईक. नातेवाईक झालेल्याला सगळी उत्तरं माहीत. तीन मिनिटांत तो संमती द्यायचा, मी लॉगबुकात सही करायचे.

त्या एप्रिलनंतर मी नातेवाईक बदलला. मामांना बसवलं, आणि आमच्या समाजसेवा अधीक्षकांना. पहिला मुलगा उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "तुमचे पेशंट एक्स्पायर झालेत. मला तुम्हाला आय डोनेशनसाठी काउन्सेल करायचंय."

मामा म्हणाले, "कसला सेल?"

वर्ग हसला, मुलगा लाल झाला. पण त्या दिवशी खरा अभ्यास तिथून सुरू झाला. पुढचा पाऊण तास आम्ही नुसती वाक्यं शोधत होतो. घरी, बसमध्ये, मेसमध्ये ही मुलं झकास मराठी बोलतात. मृत्यूशेजारी उभी राहिली की त्यांच्या तोंडून इंग्रजी पाठ्यपुस्तक बाहेर पडतं. शेवटी फळ्यावर जे राहिलं ते असं होतं: "काका, आण्णा गेले. तुमच्यावर काय प्रसंग आलाय ते दिसतंय. एक गोष्ट आत्ताच विचारावी लागते, नंतर वेळ निघून जाते. आण्णांचे डोळे दुसऱ्या कुणाला दिसायला उपयोगी पडू शकतात. नको वाटलं तर नको म्हणा, आम्ही पुन्हा विचारणार नाही." यातलं शेवटचं वाक्य समाजसेवा अधीक्षकांचं. त्यांच्या अनुभवात "नको म्हणा" असं मोकळेपणानं सांगितलं की माणूस निदान ऐकून घेतो.

मग मामांनी पुढचा प्रश्न टाकला, आणि खऱ्या वॉर्डात हाच प्रश्न पहिला येतो. "डोळं काढणार व्हय? मग तोंड कसं दिसंल?"

एक मुलगी घाईनं म्हणाली, "नाही नाही, काहीच काढत नाही." इथे मी थांबवलं. खोटं बोलायचं नाही. आमच्याकडे समोरची चकती आणि तिच्याभोवतीची पांढरी कड घेतात, जागी पारदर्शक प्लास्टिकची टोपी बसवतात, पापण्या मिटतात. काही ठिकाणी अजून पूर्ण डोळा घेतात. कधी थोडं रक्त झिरपतं, म्हणून कापूस ठेवतात. आमच्या भागात मृताला घरी आणून आंघोळ घालतात, अंगणात ठेवतात, तोंड शेवटपर्यंत उघडं असतं, गावातला प्रत्येक माणूस येऊन तोंड बघतो, तुळशीचं पान आणि पाणी तोंडात घालतो. "तोंड कसं दिसेल" या प्रश्नाचं उत्तर "पापण्या मिटलेल्या दिसतील, झोपल्यासारखं" असं खरंखुरं देता आलं, तरच पुढचं बोलणं होतं.

एकानं विचारलं, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा येतो असं लोक म्हणतात, त्याला काय सांगायचं? पुन्हा हसू. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "माझी आजी म्हणते." हसू थांबलं. त्यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं, पण मामांचं जास्त चांगलं निघालं. "तिला म्हणायचं, आजे, डोळं दिल्यावर पुण्य मिळतंय का पाप? पुण्य मिळतंय तर मग आंधळा कसा जन्मंल?"

मी शेवटी विचारलं, संकल्पपत्र किती जणांनी भरलंय? बरेच हात. घरी किती जणांनी सांगितलंय? हात खाली गेले. आणि आईचे किंवा वडिलांचे द्यायची वेळ आली तर? एक मुलगा म्हणाला, "माझे कधीही घ्या मॅडम. त्यांचं... बघू." संकल्पपत्राची गंमतच ही आहे. आपण स्वतः ते पाळू शकत नाही. ते पाळायचं काम ज्यांच्यावर पडतं त्यांनाच आपण सांगितलेलं नसतं. आण्णांनी कुठलंच पत्र भरलेलं नव्हतं. त्यांनी बायकोला आणि मुलाला बोलून ठेवलं होतं.

एक विद्यार्थी, कोलंबो

विद्यार्थ्याच्या हातात काही नसतं, असं कुणी म्हणायला लागलं की मी श्रीलंकेचं उदाहरण सांगते. हडसन सिल्वा वैद्यकीय विद्यार्थी होते. बुबुळं नाहीत म्हणून कलमं अडतात हे त्यांनी बघितलं आणि १९५८ साली वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांकडे डोळे मागितले. १९६० मध्ये त्यांची आई गेली. तिची बुबुळं एका गरीब शेतकऱ्याला बसवली गेली. १९६१ मध्ये संस्था काढली आणि १९६४ मध्ये सिंगापूरला डोळे पाठवले. पुढे तो छोटा देश जगाला बुबुळं पुरवू लागला. तिथे बौद्ध परंपरेचा मोठा आधार होता. जातककथेतला शिबी राजा आपले डोळे काढून देतो. आपल्या महाभारतातला शिबी कबुतरासाठी मांडीचं मांस देतो. राजा तोच, पण आपल्याकडच्या गोष्टीत डोळे राहून गेले. हा माझा आपला कीर्तनी विचार, पुरावा म्हणून घेऊ नका.

मुलांना मात्र या गोष्टीत दुसरंच काही भिडतं. सिल्वांनी आईचे डोळे दिले, यावर ती गप्प होतात.

रजिस्टर

बदल फार मोठे केले नाहीत. नंबर आता प्रत्येक वॉर्डात, मृत्यूचे फॉर्म ज्या खणात असतात त्याच्या दारावर चिकटवलाय. खाली तीन ओळी: पापण्या मिटा, पंखा बंद, ओला कापूस. त्याखाली आणखी एक ओळ: साखर, बीपी, चष्मा, मोतीबिंदू, वय, सगळं चालतं, ठरवायचं काम आमचं. ही ओळ त्या इंटर्नच्या वाक्यातून आली. इंटर्नच्या पहिल्या आठवड्याच्या ओरिएंटेशनमध्ये मला वीस मिनिटं मिळतात. त्यात मी थर विचारत नाही, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये नंबर सेव्ह करून घेते आणि एकाला तिथल्या तिथे फोन लावायला सांगते. ऑनकॉल रेसिडेंटला तंबी आहे की फोन कुणाचाही असो, आधी "बरं झालं कळवलं" म्हणायचं. सगळेच म्हणतात असं नाही.

आणि नेत्रपेढीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, "फोन कुणी केला". तो चाळायला घेतला की वर्षभराचा आमचा आरसाच दिसतो. सर्वांत जास्त वेळा लिहिलंय "नातेवाईक". त्याखालोखाल "सिस्टर" आणि "मामा". पहिले काही महिने "इंटर्न" कुठेच नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीस एक नोंद आहे. वेळ ३.२०, स्त्री वैद्यकीय वॉर्ड, फोन: इंटर्न. रेसिडेंट गेला, डोळे घेतले, रक्त तपासलं. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. दोन्ही बुबुळं बाद. सकाळी तो इंटर्न माझ्या दाराशी उभा होता, नाइट करून डोळे लाल झालेले. "मॅडम, वाया गेलं ना सगळं. उगाच उठवलं त्यांना."

मी त्याला रजिस्टर उघडून ती ओळ दाखवली. शेरा या रकान्यात रेसिडेंटनं लिहिलं होतं: "मृत्यू ३.१०. पोचलो तेव्हा पापण्या मिटलेल्या, पंखा बंद, कापूस ओला."